लेकीला हार्पसिकॉर्ड वाजवायचाय, पुढे ऑर्केस्ट्राही चालवायचाय. यावर पोट भरतं का?

खिडकीपाशी, कोथरूड

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढते आहे, सांभाळून घ्या.

लेक बारावी झाली. सायन्स. सीईटीचे गुण बरे आहेत, म्हणजे पुण्यातलं एखादं ठीकठाक इंजिनिअरिंग कॉलेज मिळावं इतपत. लहानपणापासून पियानो शिकते, ट्रिनिटीची आठवी ग्रेड झाली. आम्ही धरून चाललो होतो की छंद आहे, चांगला आहे, राहील आयुष्यभर सोबत. तर मध्यंतरी रात्री जेवताना बाईसाहेबांनी जाहीर केलं, मला इंजिनिअरिंग नकोय, मला हार्पसिकॉर्ड शिकायचाय आणि त्यावर बसून ऑर्केस्ट्रा चालवायचाय. यांनी विचारलं, हार्पसिकॉर्ड म्हणजे काय? तिनं मोबाइलवर लावून दाखवला. यांचा अभिप्राय: "पियानोला पडसं झाल्यासारखा वाजतोय." झालं. पानावरून उठली.

नंतर मी तिच्या खोलीत जाऊन शांतपणे बघितलं. एक पांढऱ्या केसांचे जपानी गृहस्थ आहेत. समोर पेटीसारखं लांबुडकं वाद्य, भोवती व्हायोलिनवाले, मागे गाणारे उभे. हे एका हातानं वाजवतात, दुसऱ्या हातानं गाणाऱ्यांना खूण करतात, मधेच दोन्ही हात पट्ट्यांवर. मला संगीतातलं कळत नाही, पण माणूस कामात बुडालेला आहे एवढं कळलं. लेक म्हणाली, यांनी एकाच संगीतकाराच्या रचना ध्वनिमुद्रित करायला अठरा वर्षं दिली. माझ्या मनात आधी आलं ते हे, की अठरा वर्षं घर कोण चालवत होतं?

मी बँकेत आहे, कर्ज देताना माणसाचा कागद बघायची सवय. तेव्हा सरळ विचारते. या धंद्यात माणूस वर कसा येतो? कुठून सुरुवात करतो, मधल्या काळात काय खातो? युरोपात जन्म नसेल तर दारं उघडतात का? आणि पुण्यात बसून आत्ता काय करता येईल? तिला नाही म्हणायचं नाहीये, पण डोळे मिटून हो म्हणायचंही नाहीये.

पेठेतला

आमच्या लहानपणी पेटी शिकणाऱ्या मुलालासुद्धा "ते ठीक आहे, पण करणार काय?" असं विचारायचे. हे तर पेटीचं सातासमुद्रापलीकडचं खानदान. डिग्री घेऊ दे, नोकरी लागू दे, मग शनिवार-रविवार काय ते वाजवा. पुण्यात हे वाद्य बघायला तरी मिळतं का? आणि मिळालंच तर कृपया दुपारी एक ते चार वाजवू नये.

पायपेटी

खिडकीपाशीताई,

पेठेतल्यांचं मनावर घेऊ नका, ते मनानं चांगले आहेत. मी कॅम्पातल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. पोटासाठी सरकारी नोकरी केली, आता निवृत्त आहे. म्हणजे पेठेतल्यांनी दिलेला सल्ला मी तंतोतंत पाळलेला माणूस आहे. तक्रार नाही. पण तुम्ही धंदा कसा चालतो ते विचारलंय, तर चालवणाऱ्यांचं सांगतो.

ते जपानी गृहस्थ म्हणजे मासाआकी सुझुकी. जन्म कोबेचा, १९५४चा. बारा वर्षांचे असताना चर्चमध्ये रविवारी ऑर्गन वाजवायला लागले. जपानात ख्रिस्ती माणूस शेकडा एकाच्या आसपास, त्यामुळे वाजवणारा मिळाला की मंडळी त्याला सोडत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो. पुढे टोकियोला कला विद्यापीठात रचना आणि ऑर्गन शिकले. मग अ‍ॅमस्टरडॅमला गेले. तिथे ऑर्गनसाठी पीट के आणि हार्पसिकॉर्डसाठी टोन कोपमन. कोपमन हे डच हार्पसिकॉर्डवादक गुस्ताव लिओनहार्ट यांचे शिष्य. म्हणजे घराणं बघा कसं उतरत आलं.

आता कागद बघायचाच तर इथे बघा. अ‍ॅमस्टरडॅमनंतर सुझुकी दोन वर्षं जर्मनीत डुइसबुर्गला हार्पसिकॉर्ड शिकवत होते. म्हणजे नोकरी. मग युरोपात नाव काढायची खटपट करायच्या वयात ते कोबेला परत आले आणि तिथल्या शोइन महिला विद्यापीठात शिकवू लागले. म्हणजे पुन्हा नोकरी. बाख कॉलेजियम जपान ही आपली मंडळी त्यांनी उभी केली १९९०मध्ये, छत्तिसाव्या वर्षी. १९९५मध्ये बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराच्या धार्मिक कँटाटांचं, म्हणजे चर्चमध्ये वाद्यांच्या साथीनं गायच्या रचनांचं, ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याच वर्षी जानेवारीत कोबेत तो मोठा भूकंप झाला होता, शहर अजून पडझडीतून सावरत होतं. जागा कुठली, तर ज्या विद्यापीठात ते शिकवत त्याचंच प्रार्थनामंदिर. स्वीडनच्या एका छोट्या कंपनीनं, बीआयएस तिचं नाव, जपानमधल्या या अनोळखी मंडळींवर भरवसा टाकला. २०१३मध्ये काम पुरं झालं तेव्हा ५५ तबकड्या झाल्या होत्या. अठरा वर्षांचा हिशेब बरोबर आहे. पण त्या अठरा वर्षांत ते शिकवत होते, टोकियोच्या विद्यापीठात जुन्या संगीताचा विभाग उभा करत होते, ऑर्गन वाजवत होते, अमेरिकेत येल विद्यापीठाच्या गायकवृंदाचं काम बघत होते. घर असं चालत होतं.

भाऊ हिदेमी चेलोवादक, तोही या मंडळीत मांडीला मांडी लावून. मुलगा मासातो हार्पसिकॉर्ड आणि ऑर्गन वाजवतो आणि २०१८पासून त्याच मंडळीचा प्रमुख कंडक्टर आहे.

तुमच्या मुलीचं वाक्य मला फार आवडलं, की "त्यावर बसून ऑर्केस्ट्रा चालवायचाय". लोकांना वाटतं ही दोन कामं आहेत, एक हार्पसिकॉर्ड वाजवणं आणि दुसरं काठी घेऊन उभं राहणं. बाखच्या काळात ते एकच काम होतं. वादकमंडळीत हार्पसिकॉर्डवर बसलेला माणूस खालचा सूर आणि त्यावरचे स्वरसमूह धरून ठेवायचा, त्याच्या हाताकडे बघून बाकीचे चालायचे. (पॅरिसमध्ये राजदरबारचा संगीतकार लुली मोठी काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा. ती एकदा स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि १६८७मध्ये तो गेला. पट्ट्यांवर बसलेलं बरं.)

त्या खुर्चीची किंमत काय होती ते सांगतो. १७०४ साल, हाम्बुर्ग. मॅथेसॉन नावाच्या तरुणाचा ऑपेरा चालू होता, 'क्लिओपात्रा'. संगीत त्याचं, आणि अँटनीची भूमिकाही तोच गायचा. तो रंगमंचावर असेपर्यंत हार्पसिकॉर्डवर त्याचा मित्र हँडेल, वय एकोणीस. अँटनी मेला की मॅथेसॉन खाली येऊन शेवटचा भाग स्वतः हार्पसिकॉर्डवरून चालवायचा. ५ डिसेंबरला तो मरून खाली आला तर हँडेल उठेना. खेळ संपल्यावर दोघं बाहेर चौकात तलवारी घेऊन उभे. मॅथेसॉनची तलवार हँडेलच्या कोटाच्या धातूच्या बटणावर आपटून मोडली, म्हणून पुढचा सगळा हँडेल आपल्याला मिळाला. त्याच महिन्यात दोघांचा समेटही झाला. ही सगळी मारामारी साथीला बसायच्या जागेसाठी होती, हे लक्षात ठेवा.

कारण माझं म्हणणं हेच आहे. या धंद्यात वरची जागा साथीच्या जागेतून मिळते. एकट्यानं मैफल गाजवून ऑर्केस्ट्रापर्यंत पोचलेले फार थोडे. दुसऱ्यांच्या मंडळीत वर्षानुवर्षं बसायचं, गाणारा कुठे श्वास घेतो, व्हायोलिनवाला कुठे घाईला येतो, बास कुठे ढिला पडतो, हे बोटांना कळू द्यायचं, आणि मग एक दिवस चार माणसं म्हणतात, आता तूच सांग कसं करायचं.

आपल्याकडे हे नवीन नाही. गोविंदराव टेंबे काय होते? भास्करबुवा बखल्यांच्या मागे बसणारे पेटीवाले. त्याच माणसानं १९११मध्ये 'मानापमान'ला चाली दिल्या आणि १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर तिसरा भागीदार तोच. पेटीवर बसून गवयाचं गाणं इतकं ऐकलेलं होतं की नाटकाचं संगीत त्यांना वेगळं शिकावं लागलं नसेल.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काका रंगवून सांगतात. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल प्रशियाच्या राजपुत्राकडे, म्हणजे पुढच्या फ्रेडरिक राजाकडे, १७३८मध्ये नोकरीला लागला. राजा बासरी वाजवणार, हा हार्पसिकॉर्डवर साथ करणार. रोज संध्याकाळी. जवळजवळ तीस वर्षं. पगार सुरुवातीला ३०० थालर, आणि राजाला बासरी शिकवणाऱ्या क्वांट्झला २०००. साथ कशी करावी यावर त्यानं लिहिलेला ग्रंथ आजही शिकणारे वाचतात, पण दरबारात त्याला कोणी विचारलं नाही. १७६८मध्ये तो सुटला, हाम्बुर्गला टेलेमान या संगीतकाराच्या जागी गेला, पाच चर्चचं संगीत हाती आलं, तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती. तर खुर्ची मिळते, पण राजा बासरी वाजवणारा निघाला तर उशिरा मिळते.

हेगचा पाऊस

पायपेटी काकांना नमस्कार. मी मूळ सहकारनगरचा, गेली काही वर्षं हेगमध्ये सॉफ्टवेअरच्या कामात, आणि इथल्या एका हौशी गायकवृंदात मागच्या रांगेत गातो. त्यामुळे या लोकांना जवळून बघतो.

ताई, इथल्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत जुन्या संगीताचा मोठा विभाग आहे. दुसरं ठिकाण बाझेल, तिथली स्कोला कँटोरम १९३३पासून फक्त याच कामासाठी आहे, लिओनहार्ट तिथेच शिकले. तिसरं अ‍ॅमस्टरडॅम. या तिन्ही ठिकाणी वर्गात जपानी, कोरियन, ब्राझिलियन, इराणी सगळे दिसतात. जन्म कुठला हे कोणी विचारत नाही. महान एस्फहानी हे नाव लेकीला माहीत असेलच, जन्म तेहरानचा, वाढला अमेरिकेत, आणि बीबीसीनं नव्या कलाकारांच्या योजनेत घेतलेला पहिला हार्पसिकॉर्डवादक तोच. विचारतात ते एवढंच, की समोर ठेवलेला आकडी बास, म्हणजे खालच्या सुरांची ओळ आणि तिच्याखाली लिहिलेले आकडे, बघून वरचे स्वरसमूह लगेच वाजवता येतात का.

पोटाचं म्हणाल तर नोकरी अशी कमी जणांना. बहुतेक जण तुकड्यातुकड्यांनी कमावतात. ईस्टरच्या आधीचे काही आठवडे नेदरलँड्समध्ये गावोगाव बाखचं 'मॅथ्यू पॅशन', म्हणजे येशूच्या शेवटच्या दिवसांची गायलेली कथा, होतं. मोठ्या सभागृहातही आणि छोट्या गावातल्या चर्चमध्येही. प्रत्येक ठिकाणी साथीला छोटा ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्ड लागतो. त्या दिवसांत हे लोक सायकलवर स्वरलिपी लादून पळत असतात. उरलेलं वर्ष शिकवण्या, चर्चमधली ऑर्गनची कामं, ऑपेराच्या तालमींना साथ. एकानं मला सांगितलं की त्याला वाद्य वाजवण्याइतकेच पैसे ते दुसऱ्यांच्या मैफलीसाठी सुरात लावून देण्याचे मिळतात.

आणि लेकीला माझ्यातर्फे एक नाव, एमान्युएल आईम. पॅरिसची, १९६२चा जन्म. पियानो, ऑर्गन, मग हार्पसिकॉर्ड. काका म्हणतात तसंच, ती वर्षानुवर्षं विल्यम क्रिस्टींच्या लेझार फ्लोरिसाँमध्ये साथीला होती. पुढे कंडक्टर सायमन रॅटल यांची साहाय्यक. २०००मध्ये स्वतःची मंडळी, ल काँसेर दास्त्रे. ती लीलच्या ऑपेराशी जोडली गेली, आणि २००८मध्ये आईमनं बर्लिन फिलहार्मोनिकसुद्धा चालवली. बाई हार्पसिकॉर्डवरूनच चालवते, मान आणि खांदे वापरून, हात रिकामे असतील तेव्हा हात.

क्रिस्टी स्वतः तर अमेरिकन. बफलोचा माणूस, आई चर्चचा गायकवृंद शिकवायची. व्हिएतनाम युद्धाला विरोध म्हणून देश सोडून फ्रान्सला आला, १९७९मध्ये मंडळी काढली, आणि १९८७मध्ये पॅरिसला लुलीचा 'आतीस' ऑपेरा करून फ्रेंचांना त्यांचंच विसरलेलं संगीत ऐकवलं. फ्रेंचांना! तेव्हा जन्माचं काही मनात आणू नका.

पेठेतला

माहिती चांगली आहे, मान्य. पण वाद्याचं काय? लेकीला रियाज कशावर करायला सांगता? आणि हे सगळं समान स्वरांतरांच्या, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या, पेटीवर चालणार का? याच कारणावरून आकाशवाणीनं १९४०मध्ये पेटी बंद केली होती, तीस वर्षं दारात उभं केलं नाही.

पायपेटी

पेठेतले, चांगल्या जागी बोट ठेवलंत. हार्पसिकॉर्डवाल्यांना तुमच्यापेक्षा जास्त राग आहे समान स्वरांतरांचा. ते जुन्या पद्धतीनं, कुठे शुद्ध तर कुठे थोडी मोडती, अशी स्वरांतरं लावतात. त्यामुळे सा बदलला की प्रत्येक पट्टीचा रंग निराळा येतो. सूरही खाली, आजच्या सेकंदाला ४४० कंपनांऐवजी बहुधा ४१५, म्हणजे अर्धा स्वर खाली. फ्रेंच संगीताला ३९२पर्यंतही उतरतात. आणि लावायचं कोणी, तर वाजवणाऱ्यानंच. पियानोवाला माणूस बोलावतो, हार्पसिकॉर्डवाला मैफलीआधी स्वतः चावी घेऊन बसतो. सतारिया तारा स्वतः लावतो तसं. मुलीनं हे काम कानानं शिकलं तर हेगच्या मित्रांनी सांगितलेली ती अर्धी कमाई तिची.

वाद्य आतून साधं आहे. पट्टी दाबली की मागे लाकडाची एक उभी पट्टी वर उसळते, तिला जॅक म्हणतात, त्यात पिसाच्या काडीची छोटी नखी, ती तार छेडते. पूर्वी कावळ्याचं पीस वापरत, आता बहुतेक वेळा प्लॅस्टिक. तार छेडली गेली की गेली, जोरात दाबून आवाज मोठा होत नाही. म्हणून पियानोवरून आलेल्या मुलांची पहिली अडचण हीच, त्यांना हाताच्या वजनानं बोलायची सवय असते. इथे बोलायचं ते वेळेनं. सूर किती धरला, कधी सोडला, दोन सुरांत किती फट ठेवली, स्वरसमूह एकदम वाजवला की हळूच उलगडला. तुमच्या यजमानांना ऐकू आलं ते बहुतेक मोबाइलच्या भोंग्यातून. चांगल्या खोलीत ऐकवा, मग बोलू.

विकत मात्र आत्ता काही घेऊ नका. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, जॅक अडकतात, नखी वाकड्या होतात. सांभाळणारा हात तयार व्हायच्या आधी वाद्य घरात आणलं तर जूनमध्ये रडारड. वाद्य चुकीचं असेल तर काय होतं याचा मोठाच धडा आहे. वांडा लँडोव्स्का या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे वाद्य पुन्हा रंगमंचावर आणलं, पण त्यांचा प्लेएल कंपनीचा हार्पसिकॉर्ड पियानोसारख्या लोखंडी सांगाड्याचा होता. मोठा, जड. जुन्या वाद्यांकडे नीट बघून हुबेहूब बांधायला हबर्ड आणि डाउड हे दोघं १९४९मध्ये बॉस्टनला बसले, ब्रेमेनला स्कॉव्रोनेक होता, आणि त्याच्यासारख्यांच्या वाद्यांवर लिओनहार्टसारख्यांचा हात बसला. मग कळलं की हलक्या लाकडी पेटीतून काय आवाज येतो. एवढं मोठं घराणं वाद्य बदलल्यावर उभं राहिलं, तर घाई कशाला?

आत्ता डिजिटल पियानोवर हार्पसिकॉर्डचा आवाज लावा, पट्टीची संवेदना बंद करा, म्हणजे जोरानं दाबलं तरी आवाज तोच राहील. तेवढं पुरेल. बरेच डिजिटल पियानो ४१५वरही लागतात, आणि काहींत जुनी स्वरांतरंही असतात. कॅम्पात मझदा हॉलला पूना म्युझिक सोसायटीच्या मैफली होतात, तिथे जात जा, आणि वाजवणाऱ्यांकडे नाही तर साथ करणाऱ्यांकडे बघा. लेकीला एखाद्या गायकवृंदात घाला. सगळ्यात आधी हे. सुझुकी, क्रिस्टी सगळे गाणाऱ्यांच्या संगतीत वाढलेले लोक आहेत. गाणाऱ्याचा श्वास ज्याला कळत नाही त्याच्या हाती ही खुर्ची टिकत नाही.

इंजिनिअरिंगचं मी बोलणार नाही, तो घरचा प्रश्न आहे. पण एक वर्ष मागे ठेवून तयारी करणं हा मला शहाणपणाचा सौदा वाटतो. आकडी बास येतो की नाही हे वर्षात कळतं. आला तर पुढचा कागद भक्कम आहे असं समजा. आला नाही तर ट्रिनिटीची ग्रेड कुठे जात नाही.

लेक_हीच_ती

आईनं सगळं इथे मांडलंय हे मला आत्ता कळलं. बाबांचा पडशाचा विनोदही लिहायची गरज नव्हती.

काका, तुमचं वाचून एक विचारते. मी बाखचा पाचवा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो, म्हणजे काही वाद्यांना पुढे ठेवणारी ऑर्केस्ट्राची रचना, पाठ करतेय, पहिल्या भागातली ती ६५ मापांची, म्हणजे तालाच्या ६५ तुकड्यांची, हार्पसिकॉर्डची एकट्याची जागा. त्यावर ऑडिशन देता येईल असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणताय आधी आकडी बास. तो मला येत नाही. पियानोच्या परीक्षेत कधी लागला नाही. सुरुवात कुठून करू?

खिडकीपाशी, कोथरूड

बाबांचा विनोद मी काढून टाकला असता, पण आता सगळ्यांनी वाचलाय. बाबाही आत्ता मागे उभं राहून वाचतायत. पायपेटी काका, सांगा तिला.

पायपेटी

ये बाई ये, तुझीच वाट बघत होतो.

पाचवा ब्रांडेनबुर्ग सोडू नकोस, उलट तो नीट बघ. बाखनं १७२१मध्ये ते सहा कॉन्चेर्तो अर्पण केले. पाचव्यात हार्पसिकॉर्ड सुरुवातीला बाकीच्यांबरोबर साथीलाच आहे. मग हळूहळू पुढे सरकतो, आणि शेवटी बाकी सगळ्यांना थांबवून ६५ मापं एकटा बोलतो. साथीच्या जागेवरून माणूस उठून उभा राहतो ना, ते बाखनं वाजवून दाखवलंय. तू फक्त शेवटची ६५ मापं पाठ करतेयस. आधीच्या मापांतला बास हातात नसेल तर त्या ६५ना अर्थ राहत नाही.

आता आकडे. बासच्या सुराखाली आकडा नसेल तर त्याच्यावरचा तिसरा आणि पाचवा सूर धर. सा असेल तर सा ग प. सहाचा आकडा असेल तर तिसरा आणि सहावा. म्हणजे ग खाली ६ लिहिला असेल तर ग प सां. चार आणि मग तीन असं लिहिलं असेल तर तिसऱ्याऐवजी आधी चौथा सूर धरायचा, तो टोचू द्यायचा, मग तिसऱ्यावर उतरवायचा. प खाली ४ ३ असेल तर आधी प सां रें, मग सां उतरून नि.

आज एवढाच धडा. डाव्या हातात ही ओळ: सा, मग ग खाली ६, मग म मोकळा, मग प खाली ४ ३, शेवटी सा. हळू, प्रत्येक सुराला चार मात्रा. उजव्या हाताला तीन सूर. आता एक जागा जपायची. म वरून प वर जाताना डावा हात वर चढतो, तेव्हा उजवा त्याच्याबरोबर वर पळवायचा नाही. म वर उजव्या हातात खालून वर ध, सां, मं असे सूर ठेव. प आला की सां तसाच धरून ठेव, ध खाली प वर, मं खाली रें वर. बास वर, हात खाली. मग सां उतरून नि, आणि शेवटी नि चढून सां. हे पहिल्यांदा बरोबर जमेल तेव्हा कानाला लगेच कळेल, सांगावं लागणार नाही.

ते जमलं की वरचा आवाज तोंडानं गा आणि हात वाजवू दे. गाताना जिथे तुला श्वास घ्यावासा वाटेल तिथे उजवा हात उचल. तीच गाणाऱ्याला खूण असते. मग पट्टी बदल, बाराही पट्ट्यांत फिरव. आकडे तेच राहतात, बोटं बदलतात. हँडेलनं लंडनला दुसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलीला, अ‍ॅनला, शिकवताना असेच आकड्यांचे धडे लिहिले. ते छापील मिळतात, त्यातला पहिला काढ, पण ही ओळ बारा पट्ट्यांत फिरल्यावर.

चर्चमध्ये रविवारची उपासना संपली की वाद्य रिकामं असतं. आईला घेऊन ये. आमच्याकडे रेव्हरंड टिळकांची पदं गायला एक म्हाताऱ्यांचा कंपू थांबतो, त्यांच्या मागे बसून साथ कर. ते कुठेही श्वास घेतात आणि कुठेही थांबतात. त्यांना सांभाळता आलं तर हेगवाल्यांचा मॅथ्यू पॅशन सोपा जाईल. बाबांनाही आणलंस तर बासमध्ये माणूस कमी आहे.